मासळीचा तवा

मालवणी घरात मासळीचा तवा वेगळा असतो. त्याच्यावर भाकरी टाकत नाहीत. आमचा तवा बिडाचा, जड, सासूबाईंनी गावाहून आणलेला. गेल्या वर्षी तो मी गोणपाटात गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवून दिला. तेव्हा गुडघा इतका दुखत नव्हता.

तवा वर गेला तो यांच्या बोलण्याने. हे म्हणजे माझे यजमान, चंद्रप्रकाश. गावात त्यांना चंदू म्हणतात. गिरणी बंद पडली तेव्हा आणि पुढे पवईच्या एका बिल्डिंगवर रात्रपाळीची वॉचमनकी करताना मी त्यांना कधी देवदेव करताना पाहिलं नव्हतं. पण गेल्या वर्षी आमच्या सुनेचं, श्रुतिकाचं, पाचव्या महिन्यात गेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मुलगा सुयोग जेवत नव्हता. आणि हे एके दिवशी पिशवीत कपडे भरून एसटीने गावी गेले. देवळात लवू गुरवाला पुढे करून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. सुनेची कूस भरू दे, पोर सुखरूप घरी येऊ दे, तोपर्यंत आमच्या घरात मासळी, मटण, अंडं शिजणार नाही, कोणाच्या तोंडात जाणार नाही.

गाऱ्हाणं घालणारा घरातल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. त्याला कोणाला विचारावं लागत नाही. परत आल्यावर त्यांनी सांगितलं आणि मी तवा उचलला. खरं तर मासळीचं वेड सगळ्यात जास्त यांनाच. बांगड्याचं डोकं चोखून ताटाच्या कडेला काटे असे लावून ठेवायचे की कंगवा ठेवलाय असं वाटावं. तेच आता मान खाली घालून आमटीभात खात होते.

आणि श्रुतिकाला दिवस राहिले. नवस लागू पडला म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

आता सहावा महिना चालू होता. असल्फ्याच्या टेकडीवर आमची खोली. खाली उतरून मी तिला पालिकेच्या प्रसूतिगृहात तपासायला नेलं. दोघी सावकाश चाललो, मी गुडघ्यामुळे, ती दम लागतो म्हणून. वयात इतका फरक, पण चाल एकच.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, मग कागद पाहिला.

"रक्त आठ आहे. मागच्या वेळी नऊ होतं. वर जायचं ते खाली चाललंय. गोळ्या घेतेस ना?"

"रोज घेते."

"कशाबरोबर?"

"सकाळच्या चहाबरोबर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर घेतलीस तर त्यातलं लोह अंगाला लागत नाही गं. पाण्याबरोबर घे, त्यात लिंबू पिळ. चहा नंतर, दोन तासांनी. आणि खातेस काय?"

मीच उत्तर दिलं. नाचणीची भाकरी, लाल माठ, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, मुगाची उसळ, गूळ-शेंगदाणे. सांगताना मलाच बरं वाटत होतं.

"आजी, तुम्ही करता काय ते नाही विचारलं. ही खाते काय?"

श्रुतिका खाली बघत म्हणाली, "भात. आणि चहा-बिस्कीट."

"भाजी?"

"वास येतो. उलटी होते."

"आधी काय आवडायचं तुला?"

"मासळी. माहेरी दोन्ही वेळेला असायची."

श्रुतिका वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. सुयोगने स्वतः जमवलेलं लग्न. तिच्या तोंडून मासळी हा शब्द कित्येक महिन्यांनी मी ऐकला.

"मग आता खात नाहीस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरात नवस आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्याही थकल्यासारख्या दिसत होत्या. बाहेर बाकांवर बायका एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. "नवसाबद्दल मला काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "डाळी-पालेभाज्या खाऊनही रक्त भरतं. पण ते पोटात तर गेलं पाहिजे ना? हिच्या घशाखाली ते उतरत नाही. मग जे उतरेल ते द्या. अंडी द्या, बारीक मासळी द्या, नीट शिजवून. सुरमईसारखी मोठी रोज नको. मी पुन्हा रक्त बघते. नाही वाढलं तर सलाइनमधून लोह द्यावं लागेल. आणि आजी, बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं ना, तर हिच्या अंगात तेवढं शिल्लक नाही."

हे त्यांनी श्रुतिकाच्या समोर सांगितलं.

घरी यांनी दारातच विचारलं, "काय म्हणाली?"

मी सांगितलं. यांचा चेहरा उजळला. "म्हणजे चहामुळे होत होतं. सापडलं ना कारण. आता पाण्याबरोबर घेईल."

"आणि खाणं?"

"तू कर ना नीट. पालक कर, खजूर आण."

"मी करतेच आहे. मी करते, ती बघते, आणि दुपारी मीच खाते. माझं रक्त तपासा, चांगलं बारा निघेल."

"देवाला शब्द दिलाय मथुरा."

"तुम्ही दिलात."

"सगळ्यांच्या वतीनेच द्यायचा असतो."

"हो. बोलणारा एक आणि पाळणारे चार."

हे खिडकीशी गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "मागच्या वेळी नवस नव्हता. काय झालं ते बघितलंस ना?"

मी पालक निवडायला घेतला.

सुयोग पवईला एका मोठ्या ऑफिसात एसीची देखभाल करतो. संध्याकाळी आला, दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाला, "मला मधे घेऊ नका यार. ती म्हणेल तसं करू." आणि ती तर काहीच म्हणत नव्हती. पालक तिच्या ताटात तसाच राहिला. गोळी मात्र तिने लिंबूपाण्याबरोबर घेतली, आम्हाला दिसेल अशी.

बुधवारी विहीणबाई आल्या. नमिता त्यांचं नाव. वेसाव्याच्या बाजारात टोपली घेऊन बसतात. टेकडीच्या खालच्या वळणावर असल्या तरी आवाजावरून कळतं. मेट्रोत वास जाऊ नये म्हणून डबा तीन पिशव्यांत गुंडाळून आणला होता. उंबऱ्याशी येऊन थांबल्या.

"मी आत येत नाय. माझ्या अंगालाच वास हाय, तुमचा देव रागवायचा."

"या हो आत," मी म्हटलं. "वासाचा नवस नाही केलेला."

त्या हसल्या, पण आत आल्या नाहीत. गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि पिशव्या सोडायला लागल्या. "श्रुती, ये गो भायेर. मांदेलीचं कालवण हाय. उंबऱ्याच्या या बाजूला बसून खा. गॅलरीत काय नवस नाय."

श्रुतिका दारात आली. डब्याचं झाकण निघालं. लाल रस्सा, वर तेल, कोथिंबीर. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. तिचा गळा हलला, ते मी पाहिलं. मग ती म्हणाली, "नको आये."

"काय नको? कोन बघतंय?"

"नको ना गं. घेऊन जा."

"दोन घास खा. तुझ्यासाठी बाजार सोडून आलेय मी."

"आये, घेऊन जा म्हटलं ना!"

नमिताबाईंनी झाकण लावलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत होतं, मीच पोरीला दरडावून ठेवलंय. "विहीणबाई, माझी पोर कशी होती ते तुम्ही लग्नात पायलीय. आता हात बघा तिचे. बोंबलागत झालेत, नुसतं पानी. तुमच्या पोराचं पोर हाय ना तिच्या पोटात? मग त्याला तरी खाऊ घाला."

आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला. हे आत बसून सगळं ऐकत होते.

नमिताबाईंनी डबा परत एकावर एक पिशव्यांत घातला, गाठी मारल्या. जाताना लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरताना एकदाही मोठ्याने बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प जाणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दुपारी श्रुतिका खाटेवर टेकून बसली होती. मी तिच्या पायांना तेल लावत होते. पाऊल दाबलं की खड्डा पडत होता.

"खायचं होतं ना तुला?" मी विचारलं.

"हो."

"मग? बाबा आत होते. मी पाठ फिरवली असती."

"तुम्ही पाठ फिरवून काय होणार आई?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी खाल्लं आणि ह्या वेळीही काही झालं तर? बाबा बोलणार नाहीत. तुम्ही नाही, सुयोग तर नाहीच. पण मला माहीत असेल ना, की मी खाल्लं म्हणून गेलं. आयुष्यभर ताटावर बसले की तेच दिसेल मला."

"आणि न खाता काही झालं तर?"

"तर निदान माझ्यामुळे नाही होणार."

बसचा नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. मी तेल लावत राहिले. ती पुढे म्हणाली, "मागच्या वेळी सगळे विचारत होते, काय खाल्लं होतंस, पपई खाल्लीस का, जिना चढलीस का, जड उचललंस का. माझी आयेसुद्धा. ह्या वेळी कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी असू दे. मी सगळं पाळलं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिला कळलं नव्हतं असं नाही. सगळं कळून ती अशी बसली होती.

संध्याकाळी मी यांना म्हटलं, "लवूला फोन लावा. कौल घ्या. देवाला विचारा सोडवता येईल का."

मला वाटलं भांडतील. पण ते लगेच मोबाइल शोधायला लागले. "मलाही दिसते गं ती," म्हणाले. "मी काय आंधळा आहे?"

कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या दिवशी सकाळी लवूने देवळातूनच फोन केला. यांनी मोबाइल स्पीकरवर टाकून मधे ठेवला. आम्ही दोघं त्याच्याभोवती बसलो. श्रुतिका खाटेवरून ऐकत होती.

"चंदू, अरे सकाळपासून बसलंय रे. कळी हलाक तयार नाय. उजवी नाय, डावी नाय."

"मग?" यांनी विचारलं.

"मगे काय. देव आज बोलणा नाय. रविवारी परत इचारूया."

मी वाकून फोनमध्ये म्हटलं, "लवू, रविवारीही नाही बोलला तर?"

"मगे पुढच्या रविवारी गे वयनी. देवाक कसली घाई?"

फोन बंद झाला. "थांबू रविवारपर्यंत," हे म्हणाले. त्यांचे खांदे सैल पडले होते. नकार आला नाही म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. श्रुतिका पुन्हा भिंतीकडे वळून पडली, गेल्या वर्षी पडायची तशी.

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. दुपारच्या जेवणाचं काहीतरी करायला हवं होतं. पालक होता, मूग भिजत घातले होते. ते करायचं, ताटात वाढायचं, ताट परत आणायचं, झाकून ठेवायचं, मग मी खायचं. हातपाय दुखले तर माणूस शेकतो. हा थकवा कुठे शेकायचा ते मला कळत नव्हतं. देवाला घाई नव्हती, यांना नव्हती. घाई त्या पोटातल्याला होती, पण तो कोणाशी बोलणार?

शुक्रवारी सकाळी मी पिशवी घेऊन टेकडी उतरले. बाजारात आमची नेहमीची मासळीवाली मला बघून ओरडलीच, "अगं मावशे! जिवंत हाईस? मला वाटलं गेलीस."

"जायला वेळ कुठे मिळतोय. बांगडे दे. कालचे देऊ नको."

"डोळे बघ त्यांचे, तुझ्यापेक्षा ताजे हायेत. नवस फिटला?"

"फिटेल. साफ करून दे."

घरी आल्यावर पिशवी मोरीत ठेवली आणि स्टूल ओढलं. हे पेपर वाचत होते. "मथुरा, काय करतेस?"

"तवा काढतेय. स्टूल धरा."

ते उठले आणि त्यांनी स्टूल धरलं. मी पडेन एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. तवा माझ्या हातात आला, मी खाली उतरले, तेव्हा कुठे आपण काय धरून उभे आहोत ते त्यांना कळलं.

"मथुरा, रविवारपर्यंत थांबायचं ठरलंय."

"तुमचं ठरलंय."

गोणपाट सोडलं. तव्याला तांबूस गंज धरला होता. मिठाने घासला, पाण्याने धुतला, गॅसवर कोरडा केला, तेल फिरवलं. बांगड्यांना हळद, मीठ, मसाला, कोकमाचं आगळ लावलं. अर्ध्यांचं तिरफळं घालून तिखलं केलं, बाकीचे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडले. वास घरभर गेला. शेजारच्या दाराची कडी वाजली. श्रुतिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नाकाला पदर लावलेला नव्हता.

"आई, मी नाही खाणार."

"तुला कोण देतंय? तू लांब उभी राहा. हात लावू नकोस कशाला."

मी एकच ताट घेतलं, माझं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझं ताट सगळ्यांच्या शेवटी वाढलं जातं. शेपटीचा तुकडा आणि तळाचं कालवण, ही माझी मासळी. कोणी सांगितलं नव्हतं तसं, होत आलं. त्या दिवशी मी मधली, पोटाकडची तुकडी घेतली, गरम भात घेतला आणि सगळ्यांच्या आधी खाली बसले. गुडघा कडकन वाजला.

"मथुरा!" हे म्हणाले.

"ऐका दोघंही," मी म्हटलं. "नवस मी मोडतेय. मथुराने मोडला. सून तिकडे दारात उभी आहे, तिने शिवलेलंसुद्धा नाही. तुम्ही साक्षीला आहात. आता जे काय व्हायचं असेल, बरं की वाईट, ते माझ्या नावावर. मला विचारायचं. तिला नाही."

घास तोंडात घातला. मीठ होतं की नव्हतं तेही मला कळलं नाही. इतक्या महिन्यांनी मासळी खाल्ली आणि चव म्हणून लागली नाही. चावला, गिळला, वर पाणी प्यायले.

समोर पाटावर उतरवून ठेवलेला तवा अजून चरचरत होता.

"मोडलेला नवस दुसऱ्यांदा मोडत नाही," मी श्रुतिकाला म्हटलं. "तुझ्या हातात आता मोडायला काही उरलेलं नाही. बस जेवायला."

ती सासऱ्याकडे बघत होती. हे स्टुलाला हात टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत राग होता. भीतीही होती, आणि ती रागापेक्षा जास्त होती. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. ते ओरडले असते तर पोरगी परत खाटेवर गेली असती आणि मग मी काहीही केलं असतं तरी उठली नसती. माझा हात ताटातच राहिला.

"मी नाही खाणार," शेवटी हे म्हणाले. "माझा शब्द मी पाळणार. पोर घरी येईपर्यंत."

"पाळा ना. कालची आमटी आहे."

ते खाली बसले. आमटीकडे बघितलंही नाही. तव्यावरचा एक बांगडा त्यांनी रिकाम्या ताटलीत घेतला आणि मधला काटा धरून अख्खा वर ओढला. मग बाजूचे बारीक काटे एकेक करून काढायला लागले. बोटांना मासळी लागत होती, तोंडाकडे हात जात नव्हता.

श्रुतिका हळूच येऊन बसली. "बाबा, मी कोळ्याची पोर आहे. काटे काढून देताय मला?"

"माहीत आहे," ते म्हणाले. काढत राहिले. मग ती ताटली तिच्याकडे सरकवली.

तिने पहिला घास घेतला तेव्हा डोळे मिटले होते. दुसरा घेतला तेव्हा उघडे होते. भात संपला, परत घेतला, तिखल्याचा रस्सा वाटीत घेऊन प्यायली. मी लिंबाची फोड तिच्या ताटात पिळली. उलटी होते की काय म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. झाली नाही.

तवा मी घासला, पण माळ्यावर ठेवला नाही. ओट्याखाली, हाताशी ठेवला. अजून महिने जायचे होते. रोज तिला काहीतरी करून घालायचं, रोज तिच्या पोटाकडे बघायचं, आणि आत कुठे दुखलं, कुठे काही कमीजास्त झालं की ते माझ्याकडे येणार हे धरून चालायचं. मीच मागून घेतलं होतं. त्या दुपारी मात्र मी तशीच जमिनीवर आडवी झाले आणि मला झोप लागली.

रविवारी सकाळी मोरीशी बसून मांदेली साफ करत होते. श्रुतिका आत कांदा कापत होती, अंडी उकडायला ठेवली होती. यांचा मोबाइल वाजला. ते तो घेऊन माझ्यासमोर आले आणि स्क्रीन माझ्याकडे धरली. लवू गुरव.

"घेऊ?" त्यांनी विचारलं.

माझे हात मासळीने भरले होते. मी पाटावरची पुढची मांदेली उचलली.

"वाजू दे," मी म्हटलं.

हे फोन हातात धरून उभे राहिले. तो वाजून वाजून बंद झाला.